लालीची शेजारीण

मित्रांनो, साय म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दुधाचं पातेलं येतं, हो ना? थांबा. मी ती नव्हे. दुधावरची साय वर तरंगते, लाडाने वाटीत काढून ठेवली जाते आणि घरातली लेकरं तिच्यासाठी भांडतात. मी तळाशी राहते. मी बोनकोड्याच्या खाडीकाठच्या एका मिठागराची जुनी साय आहे, वाफ्याच्या चिखलावर धरलेली, बोटभर जाड, चिवट आणि बुळबुळीत. माझ्यासाठी आजवर कोणी भांडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या गोष्टीत जळफळाट पुष्कळ आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी दिसते एक, पण माझ्यात लाखो जीव आहेत. इतके बारीक की तुमच्या करंगळीच्या नखावर आमचा अख्खा गाव मावेल आणि वर जागा उरेल. आमचं घर मजल्यांचं. सगळ्यांत वर हिरवे राहतात. ते ऊन पिऊन सगळ्या घरासाठी अन्न करतात. त्यांच्याखाली जांभळे राहतात, त्यांना हिरव्यांतून गाळून आलेलं थोडकं ऊन पुरतं. अगदी तळाला काळे. त्यांना वारा सोसत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अंगाला नासक्या अंड्याचा वास येतो. पण वरून पडलेलं मेलेलं, सडलेलं सगळं तेच निस्तरतात. आम्ही सगळे एकमेकांना घट्ट धरून राहतो, म्हणून आमची साय होते.

आमचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं. वाफ्यात साठलेलं पावसाळ्याचं गोडं पाणी आधी काढून टाकायचे. मग बायका ओळीने उभ्या राहून चिखल पायांनी तुडवायच्या, दिवसचे दिवस, अंगण सारवल्यासारखा सपाट होईपर्यंत. मग उधाण आलं की बांधातलं लाकडी दार वर उचलायचं. त्याला इथे उघाडी म्हणतात. खाडीचं खारं पाणी आत यायचं, उन्हात तापायचं, दाट व्हायचं, आणि मी हळूहळू तळावर पसरायचे. पाणी जमिनीत मुरू द्यायचं नाही आणि चिखल मिठाला लागू द्यायचा नाही, ही दोन कामं माझी. मीठ पांढरंशुभ्र निघायचं ते माझ्या जिवावर. पण लोक मिठाचं कौतुक करायचे. मिठाखाली कोण अंथरलंय हे बघायला वेळ कुणाला होता?

माझा वाफा गोजराचा होता. गोजरा बोनकोड्याची सून. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला तिचा नवरा गेला आणि वाफा तिच्या हाती आला. तेव्हा ती पंचविशीची होती. अंगाने काटकुळी, पण पायांत अशी ताकद की तिने तुडवलेल्या चिखलात खड्डा म्हणून राहायचा नाही. तिचे तळवे मला पाठ होते. उजव्या टाचेला भेग, डाव्या अंगठ्याचं नख चपटं. रोज सकाळी ती वाफ्यात उतरायची आणि मी तिच्या पायाला लागायचे. ती कधी खाली बघायची नाही. तिची नजर पाण्यावर असायची, कारण तिला वाट असायची ती लालीची.

आता लालीबद्दल सांगायलाच हवं. माघ-फाल्गुनात पाणी फार खारट झालं की त्यात दुसरं काही जगत नाही. तेव्हा लाल अंगाचे बारीक जीव वाढतात आणि सगळं पाणी गुलबक्षीच्या फुलांसारखं लालसर होतं. तीच लाली. लाल पाणी ऊन जास्त धरतं, लवकर तापतं, लवकर आटतं. म्हणून लाली आली की मीठ बसणार हे ठरलेलं. बायका तिला हळदकुंकू वाहायच्या. ज्या वाफ्यात ती आधी यायची, तिथून शेजारणी घडाभर पाणी मागून न्यायच्या आणि आपल्या वाफ्यात ओतायच्या, दुधाला विरजण लावावं तसं. मात्र मागून न्यायचं, चोरून नाही. चोरलेली लाली रुसते, आणि चोरणाऱ्या बाईला आगरातून, म्हणजे मिठागरातून, उठवायचं, हा जुना रिवाज.

आणि मी? मी बारा महिने तळाशी पडून. पावसाचं पाणी सोसा, खेकड्यांची नखं सोसा, बायकांच्या टाचा सोसा. ही महाराणी येणार दोन-तीन महिन्यांसाठी, वरच्या वर तरंगणार, आणि कुंकू हिला! गोजरा काठावर बसून तिच्याकडे बघत राहायची आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते मी पाण्यातून बघायचे. माझ्याकडे बघून ती एकदाही तशी हसली नाही. कामं करावीत एकाने आणि मिरवावं दुसऱ्याने. माझा जीव जळायचा, मित्रांनो, अगदी तीळतीळ जळायचा.

महिन्यातून एकदा वाशीच्या कॉलेजातल्या आरिफाबाई यायच्या. त्या मूळच्या उरणच्या बाजूच्या, खाडी त्यांच्या ओळखीची. साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या वाफ्यात उतरायच्या आणि बाटल्या भरून न्यायच्या. आगरातल्या बायका त्यांना बाटलीवाली बाई म्हणून हसायच्या. त्या घरी नेऊन आम्हाला काचेखाली ठेवायच्या, आमच्या जाती मोजायच्या. मला वाटलं, चला, एक तरी कदर करणारी भेटली. पण त्यासुद्धा लालीच्या तीन बाटल्या भरायच्या आणि माझी फक्त चिमूट उचलायच्या.

इकडे दिवस पालटत होते. त्र्याहत्तर साली खाडीवर पूल झाला आणि मुंबईतून ट्रक येऊ लागले. बेलापूरच्या रस्त्याला कारखान्यांची धुराडी वाढत गेली. गावागावांत नव्या शहराची मोजणी झाली, शेतांत खांब रोवले गेले. खाडीला हळूहळू वास येऊ लागला. पूर्वी भरतीला बोयटं मासळी उड्या मारायची, ती दिसेनाशी झाली. माझ्या हिरव्यांना कधी कधी पाण्याची चव वेगळी लागायची, अंगावर नको ते शेवाळ चढायचं. पण दोन-चार दिवसांत ते जायचं आणि आम्ही पुन्हा कामाला लागायचो.

मग चौऱ्याऐंशी साल आलं. पौष महिना होता. मिठागराचा मुकादम गोटीराम बांधावरून चालत आला आणि त्याने गोजरा आणि तिची मोठी जाऊ पुतळा, दोघींना हाक मारली. पुतळाचा वाफा माझ्या शेजारचा, मधे एकच बांध. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घर तिच्यावर. गोटीराम म्हणाला, रस्त्यासाठी भराव येतोय, या टोकाचा एकच वाफा ठेवायला मालक तयार आहे. होळीच्या आधी जिच्या वाफ्यात मीठ बसेल तिचा वाफा राहील, दुसरीच्या वाफ्यात माती पडेल. एवढं सांगून तो निघून गेला.

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. तोवर त्या एका चुलीवर चहा करायच्या, एका डब्यातली भाकरी खायच्या. त्या दिवसापासून दोघींच्या भाकऱ्या दोन बांधांवर. आणि मी काय विचार करत होते सांगू? गोजरा हरली तर माती माझ्या डोक्यावर पडणार होती. म्हणजे लाली वेळेवर आली तर मी वाचणार. जिचं नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, तिच्याच वाटेकडे मला डोळे लावून बसायचं होतं. देवाने थट्टा करावी तर अशी.

पौषाच्या पुनवेला उधाण आलं. पुतळाने आपली उघाडी उचलली. तिची उघाडी उत्तरेच्या नाल्यावर होती, जिथे रंगाच्या एका कारखान्याचा पाइप नवाच येऊन पडला होता. गोजराची उघाडी दक्षिणेला, मोकळ्या खाडीवर. तीन दिवसांनी सकाळी ऊन वर आलं आणि पुतळाचा वाफा लाल झालेला दिसला. गुलबक्षीसारखा नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक. तोसुद्धा लाली यायच्या महिनाभर आधी.

सगळं आगर बघायला लोटलं. गोटीरामने तोंडभर कौतुक केलं, म्हणाला, बाईच्या हाताला यश आहे. गोजरा आपल्या वाफ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचं पाणी अजून नितळ होतं, नुसती कुठे कुठे लालीची फिकट झाक. तिचे पाय माझ्यावर होते आणि ती टाचा माझ्यात रुतवत होती. हेवा माणसाच्या टाचेत उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि मित्रांनो, मीही जळत होते. पुतळाच्या वाफ्यातली माझी बहीण, तिथली साय, आता वाचणार आणि मी मरणार, म्हणून.

रीतीप्रमाणे गोजराने जावेकडे घडाभर लाली मागायला हवी होती. पण मागायचं कोणत्या तोंडाने? आणि पुतळाने ती का द्यावी? बारा दिवस गोजराने दात-ओठ खात काढले. मग अवसेच्या दिवशी सकाळी, पुतळा नवऱ्याला पेज भरवायला घरी गेली आहे असं बघून, ती दोन घडे घेऊन बांध ओलांडून गेली. दोनदा गेली आणि दोनदा आली. चार घडे लाल पाणी तिने माझ्या अंगावर ओतलं.

पहिल्या घड्यालाच मला कळलं. ती लाली नव्हती. लालीला चव असते, ऊब असते, ती जिवंत असते. हे पाणी आंबट, कडू आणि मेलेलं होतं. त्यात एकही जीव नव्हता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण खरं सांगते, माझ्या मनात दुसरंही काही आलं. हे पाणी आधी वरच्या वर पसरणार, वर लाली आहे, आधी तिलाच लागणार. मग बघू किती मिरवते ती. असं मी मनात म्हटलं आणि गप्प पडून राहिले.

तसंच झालं. गोजराच्या वाफ्यात नुकती धरू लागलेली खरी लाली चार दिवसांत मेली. तिचे जीव पिठासारखे खाली पडू लागले. गोजराला काहीच कळलं नाही, कारण पाणी तर लालच होतं, उलट पूर्वीपेक्षा जास्त लाल. ती खूश होती. आणि मी तिच्याहून खूश. तीन दिवस मी नुसती मिटक्या मारत होते. म्हटलं, गेली एकदाची भवानी, आता या वाफ्यात मी एकटी. आता तरी गोजराला खाली बघावं लागेल.

चौथ्या दिवशी भूक लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं वरून जे बारीक बारीक गळायचं आणि जे आम्ही उष्टं म्हणून नाक मुरडत खायचो, ते लालीच्या ताटातलं होतं. थंडीत पाणी ऊबदार राहायचं ते तिच्यामुळे. आणि माझे हिरवे जे जास्तीचं अन्न पाण्यात सोडायचे, त्यावर ती वाढायची. आम्ही एका घरातल्या होतो आणि मी तिला सवत समजत होते. पण आता उशीर झाला होता. त्या मेलेल्या रंगाने ऊन अडवलं. वरच्या मजल्यावरच्या हिरव्यांना उजेड मिळेना. ते पिवळे पडले, मग करडे झाले, मग मेले. त्यांच्यामागून जांभळे गेले. मग तळातले काळे वर सरकले. बिचारे तरी काय करणार, सडलेलं खायचं हाच त्यांचा धर्म, आणि सडलेलं तर आता घरभर झालं होतं. त्यांच्या पोटातल्या वायूचे बुडबुडे उठले आणि माझे तुकडे चिखलापासून सुटून पापुद्र्यांसारखे वर तरंगू लागले.

म्हाताऱ्या आगऱ्यांना हे ठाऊक असायचं. साय सुटली की पाण्यात खोट आहे, असं ते म्हणायचे. गोजरालाही सासूने हे शिकवलं होतं. पण तिने माझे पापुद्रे बघितले, फावड्याने बाजूला सारले, आणि पुन्हा पाण्याकडे बघून हसली. तिच्या डोळ्यांत लाल रंगाशिवाय काही शिरत नव्हतं.

मग एक दिवस ती विहिरीवर पाय धुऊन आली आणि वाफ्याच्या काठावर बसली. पाय लाल होते. तिने राखेने घासले, काथ्याने घासले, कातडी सोलवटली तरी लाली जाईना. लुगड्याच्या काठावरही डाग. पहिल्यांदा तिला वाटलं, लाली यंदा किती दाट आहे बघा! पण बसल्या बसल्या तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तेरा-चौदा वर्षं ती लालीत उभी राहिली होती आणि तिचे पाय कधी रंगले नव्हते. जिवंत लाली पायाला लागते आणि पाण्याने निघून जाते. दुसऱ्या दिवसापासून ती घोट्यावरून लुगडं सोडून चालू लागली, कोणाला पाय दिसू नयेत म्हणून.

माझ्या वाफ्यात पाणी आटलं पण मीठ बसलं नाही. मी सुटल्यामुळे अर्धं पाणी जमिनीत मुरलं आणि उरलेल्यात चिखल कालवला गेला. पुतळाच्या वाफ्यात मात्र रंग आधी आला, पाणी आधी तापलं, आणि तिथली माझी बहीण सुटायच्या आत मीठ बसलं. गुलाबी झाक होती, पण तिने ते खाऱ्या पाण्यात तीन-चारदा खळबळून जवळजवळ पांढरं केलं आणि ढीग रचला. गोटीरामने सांगितलं, होळीच्या आदल्या दिवशी पहिली मूठ उचलू.

पहिली मूठ ही आमच्याकडची रीत. वाफ्यातलं पहिलं मीठ विकायचं नाही. गावातल्या लेकरांना आगरावर बोलवायचं आणि प्रत्येकाच्या जिभेवर चिमूट ठेवायची. त्यांनी तोंड वाकडं केलं की सगळे हसतात आणि वर्ष चांगलं जातं.

त्या सकाळी माझे पापुद्रे उरल्यासुरल्या पाण्यावर तरंगत होते, म्हणून मला सगळं दिसलं. लांब बांधावरून लेकरांची रांग येत होती, पुढे गोटीराम. पुतळा ढिगाजवळ उभी होती. गोजरा माझ्या वाफ्यात पाठ करून उभी होती. तिने एकदा लेकरांकडे बघितलं, एकदा ढिगाकडे. ती बोलली तर चोर ठरणार होती आणि आगरातून उठणार होती. ती गप्प बसली तर तिचा वाफा गेलाच होता, पण निदान अब्रू राहणार होती. मला वाटलं ती गप्प बसेल. मी तिच्या जागी असते तर बसले असते. मी बसलेच होते की.

गोजरा बांध ओलांडून गेली.

"पुतळाबाय, ही मूठ उचलू नको."

"का? तुजं मीठ बसलं नाय म्हनून?"

गोजराने लुगडं घोट्यावर उचललं. "माजे पाय बघ. तुज्या वाफ्यातून चार घडे चोरले मी, अवसेला. माजी लाली मेली. साय सुटली. ही लाली नाय, बाय. कारखान्याचा रंग हाय."

पुतळाने चिखलात रुतलेले आपले पाय एकेक करून वर काढले. ते गोजराच्या पायांहून लाल होते.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पुनवेचं पानी घेतलं, तवापासून."

गोजराने मनात दिवस मोजले. पुनव आधी, अवस नंतर. तिचा आवाज बारीक झाला. "म्हंजे मी घडे भरत होती तवा तुला..."

"तिवराच्या झाडाआड उभी होती मी. बघत होती." पुतळाने मान खाली घातली. "हाक मारली नाय. तुजा वाफा मरंल तं माजा राहील, येवढंच मनात होतं."

मित्रांनो, बांधाच्या एका बाजूला एक चोरणारी, दुसऱ्या बाजूला एक बघत राहणारी, आणि खाली मी, लाली मेली म्हणून मिटक्या मारणारी. तिघी एका माळेचे मणी. लेकरांचा आवाज जवळ येत होता.

गोजराने विचारलं, "आनि ही मूठ पोरांच्या जिभंवर ठेवनार होतीस?"

"माज्या घरात नसती नेली."

"बाकीच्यांच्या घरात पोरं नाय का?"

पुतळा वाकली, तिने फावडं उचललं आणि रचलेला ढीग वाफ्यातल्या लाल पाण्यात लोटू लागली. गोजराने दुसरं फावडं घेतलं. गोटीराम लेकरांना घेऊन पोचला तेव्हा तिथे ढीग नव्हता, नुसतं गढूळ लाल पाणी होतं आणि दोन बायका घामाने निथळत उभ्या होत्या.

गोटीराम खवळला. तोंडाला येईल ते बोलला. मग त्याचं लक्ष त्या चार लाल पायांकडे गेलं आणि तो थांबला. त्याचा जन्म आगरात गेला होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने लेकरांना परत पाठवलं. मग गोजराकडे वळून विचारलं, तिच्या वाफ्यात हे पाणी आलं कसं? दोघींच्या उघाड्या तर वेगळ्या. गोजराने तोंड उघडलं, पण तिच्या आधी पुतळा बोलली.

"मीच दिले घडे. इरजनाला. रीतच हाय आपली."

गोजरा खाली बसून हमसाहमशी रडली. गोटीरामने पुढे काही विचारलं नाही. दुपारी दोघींनी मिळून उत्तरेच्या उघाडीत चिखल भरला आणि तुडवून तुडवून ती कायमची बुजवली. कारखान्याचा पाइप मात्र वाहतच राहिला. गोटीराम तिकडे जाऊन आला, दारावरच्या माणसाने त्याला आतही घेतलं नाही.

त्याच आठवड्यात आरिफाबाई आल्या. या वेळी त्यांनी लालीची बाटली भरलीच नाही, लाली होतीच कुठे? त्यांनी माझा मोठा तुकडा उचलला आणि पुढच्या महिन्यात येऊन दोघींना बांधावर बसवून सांगितलं. पूर्वी या सायीत तीसेक जातींचे जीव दिसायचे, आता पाच दिसतात, आणि ते पाचही घाणीवर जगणारे. गोजराने विचारलं, पुन्हा धरेल का ती? आरिफाबाई म्हणाल्या, पाणी चांगलं मिळालं तर धरेल, पण वर्षं लागतील. मग गोजरा वाफ्यात उतरली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी चिखलावर मला चाचपडलं. मला किती वर्षं हे हवं होतं. आणि ते मिळालं तेव्हा तिच्या हाताखाली मी जवळजवळ उरलेच नव्हते.

वाफा कोणाचाच राहिला नाही. शहाऐंशीत भराव आला. आधी पुतळाच्या वाफ्यावर माती पडली, मग माझ्या अर्ध्यावर. दोघी जावा आगराच्या दुसऱ्या टोकाला मजुरीला लागल्या आणि पुन्हा एका डब्यातली भाकरी खाऊ लागल्या, असं बांधावरून जाणाऱ्यांच्या बोलण्यातून मला समजलं. मी रस्त्याकडेच्या उरलेल्या डबक्यात राहते. नव्या इमारतींचं सांडपाणी माझ्याकडे येतं. त्यावर एक लुसलुशीत हिरवं शेवाळ माजलंय. ते दुसऱ्या कोणाला उजेड मिळू देत नाही आणि कोणाशी काही वाटून खात नाही. त्याचा मला हेवासुद्धा वाटत नाही. माझ्या एका कोपऱ्यात थोडे हिरवे आणि चार जांभळे अजून एकमेकांना धरून आहेत. तेवढीच मी.

मित्रांनो, मी म्हातारी तुम्हाला काय शिकवणार? हेवा करू नका असं सांगायला माझं तोंड नाही. पण खाडीत, नाल्यात, डबक्यात काही ओतायच्या आधी एकदा वाका. तिथे तळाशी कोणीतरी राहतं, पाण्यात कोणीतरी राहतं, आणि तुमच्या ताटातलं मीठ त्यांच्या संसारातून येतं. आणि शेजारणीच्या वाफ्यात वाईट पाणी शिरताना दिसलं, तर मनात काहीही असो, हाक मारा. आधी हाक मारा, मग काय जळायचं ते जळत बसा.

दर फाल्गुनात मी वर बघते. पाणी काळंच असतं. एकदा, फक्त एकदा, लाली माझ्या डोक्यावर पसरावी, कोणीतरी काठावर बसून तिच्याकडे बघून हसावं, आणि माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखावं, एवढंच आता मला हवंय.